वोन-रोमाने पायी कसे पाहावे: उतार, लेबल आणि खरेदी

वोन-रोमाने या गावात केवळ वाइन चाखण्यासाठी गेलेल्या माणसाची बहुधा निराशा होते. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, दिजों आणि बोन या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, पाचशेहूनही कमी वस्तीचे हे गाव आहे आणि जगातील सर्वांत महागड्या तांबड्या वाइनपैकी बऱ्याच याच गावच्या उतारावर पिकतात. तरीही गावात शिरल्यावर दिसतात ती बंद लाकडी दारे, उंच दगडी भिंती, एक चर्च आणि जवळजवळ रिकामे रस्ते. नाशिकच्या वाइनरी पाहिलेल्या मराठी प्रवाशाला दाराशी चाखणीचा कक्ष, शेजारी उपाहारगृह आणि बाहेर पडताना दुकान अशा मांडणीची सवय असते. येथे त्यातले काहीही आपणहून समोर येत नाही. पुष्कळ लोक म्हणूनच रोमाने-कोंती या गावच्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याच्या कडेला असलेल्या प्रसिद्ध दगडी क्रॉसजवळ छायाचित्र काढून पाव तासात परततात.

या गावाची दारे बंद असली तरी जमीन उघडी आहे, आणि वोन-रोमानेचे सारे मोल त्या जमिनीतच आहे. म्हणून दिवसाची आखणी तळघरांभोवती न करता उताराभोवती करावी: आधी मळ्यांमधून पायी फिरावे, मग लेबल वाचायला शिकावे, त्यानंतर चाखावे आणि अगदी शेवटी खरेदी करावी. हा क्रम उलटा केला तर पैसे जास्त जातात आणि हाती फारसे काही लागत नाही.

आधी महिना ठरवावा

महाराष्ट्रात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटली जाते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. बर्गंडीत वेल थंडीत पूर्ण विश्रांती घेते आणि छाटणी एकदाच, हिवाळ्यात होते. त्या काळात मळ्यात चाकाच्या गाड्यांवर बसवलेल्या अर्ध्या पिंपांत छाटलेल्या काड्या जाळत मजूर पुढे सरकताना दिसतात. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी तोडणी सुरू होते. पूर्वी ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात असे. अलीकडच्या उष्ण वर्षांत ती ऑगस्टअखेरपर्यंतही मागे आली आहे.

पाहुण्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की तोडणीचे दिवस चित्रांत कितीही मोहक दिसले तरी भेटीसाठी ते सर्वांत गैरसोयीचे असतात. कारण त्या दोन-तीन आठवड्यांत कोणत्याही मळेवाल्याला पाहुण्यांकडे पाहायला सवड नसते. ऑगस्टमध्ये फ्रान्समधील बराचसा कारभार सुट्टीवर असतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये तेथील जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव होतो, आणि त्या आठवड्यात आसपासची हॉटेले भरून जातात. माझ्या मते मे-जूनचे दिवस किंवा ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ उत्तम. मे-जूनमध्ये दिवस मोठा असतो आणि वेलीची ठेवण नीट दिसते. ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडतात, गर्दी ओसरते आणि तळघरांत नवी वाइन आंबत असल्याचा वास गल्लीपर्यंत येतो. एप्रिलअखेरीस गेल्यास थंडीचा कडाका पडण्याची धास्ती गावभर असते. २०१६ आणि २०२१ या दोन्ही वर्षांत एप्रिलमधील हिमकणांनी बर्गंडीचे मोठे नुकसान केले. अशा रात्री कोवळे डोळे वाचवण्यासाठी काही मळ्यांत वेलींच्या ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात.

वारही पाहून ठरवावा. रविवारी जवळपास सर्व काही बंद असते, आणि इतर दिवशीही दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ असल्याने त्या वेळेत कोणाचे दार वाजवू नये.

पत्र कोणाला लिहावे

रोमाने-कोंतीची मालकी असलेले ‘दोमेन द ला रोमाने-कोंती’ हे वाइन-उत्पादक (‘दोमेन’ म्हणजे स्वतःच्या मळ्यांची वाइन करणारे आस्थापन) सर्वसामान्य पाहुण्यांना उघडे नाही. तेथे ओळखीने किंवा विनवणीने आत शिरता येईल ही आशा आधीच सोडून द्यावी. श्रीमती लालू बीझ-लरुआ यांनी १९८८ मध्ये गावातील एक जुना मळा विकत घेऊन उभारलेल्या ‘दोमेन लरुआ’बाबतही तेच समजावे. आंतरराष्ट्रीय ख्याती असलेले इतर बरेच मळेही प्रामुख्याने आयातदार, व्यापारी आणि जुने ग्राहक यांनाच भेटतात, आणि त्यात उद्धटपणा नाही. चार-पाच माणसांचे कुटुंब आठ-दहा हेक्टर जमीन कसते, वर्षाची सारी वाइन आधीच ठरलेल्या ग्राहकांना जाते, मग रोज येणाऱ्या अनोळखी माणसांना पिंपातली वाइन पाजायची तरी किती?

उपाय असा, की आपले अपेक्षेचे वर्तुळ थोडे मोठे करावे. गावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत पूर्वसूचना देऊन येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करणारे कौटुंबिक मळे आहेत. आर्मेल आणि बर्नार रियों यांचा मळा त्यांपैकी एक, आणि तेथे वाइनबरोबर बर्गंडीच्या ट्रफल या कंदासारख्या भूमिगत अळंबीचीही ओळख करून दिली जाते. शेजारच्या न्वी-सें-जॉर्ज आणि बोन या गावांत अनेक मळ्यांच्या वाइन एकाच ठिकाणी पेल्यावर विकणारी दुकाने आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी तीच सर्वांत किफायतशीर.

कौटुंबिक मळ्याला ईमेल लिहायचा असल्यास तो निदान महिनाभर आधी, थोडक्यात आणि शक्यतो फ्रेंचमध्ये लिहावा. आपण किती जण आहोत, कोणत्या दोन दिवशी येऊ शकतो, इंग्रजी चालेल का आणि चाखणीचे शुल्क किती, एवढेच विचारावे. त्यांच्या एखाद्या वाइनचा उल्लेख खरोखर प्यायली असेल तरच करावा. होकार आल्यावर जाणे रद्द करावे लागले तर एक ओळ जरूर कळवावी. न कळवता गैरहजर राहणाऱ्या पाहुण्यांमुळेच कित्येक दारे पुढच्यांसाठी बंद होतात.

रेल्वेने न्वीपर्यंत, पुढे पायी

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान गाडीने दिजों सुमारे दीड तासावर आहे. दिजोंहून बोनच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी वीसेक मिनिटांत न्वी-सें-जॉर्जला पोहोचते, आणि तेथून वोन-रोमाने उत्तरेला तीनएक किलोमीटरवर राहते. मोटार भाड्याने घेण्याचा मोह टाळावा. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, नव्या चालकांसाठी ती याहूनही कमी आहे, आणि चाखणी करून गाडी चालवणे कायद्याने व शहाणपणाने दोन्ही दृष्टींनी अयोग्य.

मी सुचवतो तो मार्ग सरळ रेषेतला आहे. न्वीला उतरून मळ्यांच्या वाटेने उत्तरेकडे वोन-रोमाने गाठावे, तेथून एशेझोच्या मळ्यांमधून क्लो द वूजो या भिंतीआडच्या जुन्या मळ्याकडे जावे आणि वूजोच्या लहान थांब्यावरून परतीची गाडी धरावी. एकूण चाल सात-आठ किलोमीटरची आणि फारशी दमवणारी नाही. मात्र वूजोला गाड्या मोजक्याच थांबतात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. सोबत पाणी, टोपी आणि चिखल झाला तरी चालतील असे बूट असावेत. मळ्यांत सावली जवळजवळ नाही आणि पाणपोईची अपेक्षा करू नये.

उतार वाचायला कोठून सुरुवात करावी

न्वीहून येणारी वाट ज्या मळ्यांमधून जाते त्यांना ‘ओ बूदो’ म्हणतात. ते अजून न्वीच्या हद्दीत आहेत. हद्द ओलांडली, की ‘ले मालकोन्सोर’ लागते आणि आपण वोन-रोमानेत येतो. जमिनीवर ही शीव दाखवणारे फारसे काही नसते. कोठे एखादा गडगा, कोठे दगडावर कोरलेले नाव, तर कोठे नुसती पायवाट. आपल्याकडे प्रत्येक शेताला ‘माळाचं’, ‘वढ्याकडचं’, ‘देवीचं’ असे नाव असते, तशीच ही नावे आहेत; फरक एवढाच, की येथे त्या नावांवर कायद्याची मोहोर आहे आणि त्यानुसार बाटलीची किंमत दहापट वर-खाली होते. अशा नावाजलेल्या तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. बर्गंडीच्या या पट्ट्यातील १२४७ क्लिमांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

चालताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. पहिली म्हणजे आपण उतारावर किती उंचीवर आहोत. खाली दिजों-बोन मोठा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेची सपाट, खोल मातीची जमीन बहुतेक साध्या ‘बुर्गोन्य’ वाइनसाठी जाते. रस्त्यापासून गावापर्यंतच्या आणि गावाच्या आसपासच्या जमिनीतून गावाच्या नावाची वाइन निघते. गाव संपून चढ सुरू झाला, की मधल्या पट्ट्यात सर्वोच्च दर्जाचे, म्हणजे ‘ग्राँ क्र्यू’ मळे येतात. त्याच्या वर आणि बाजूंना त्याखालच्या दर्जाचे, म्हणजे ‘प्रमिये क्र्यू’ मळे आहेत आणि सर्वांत वर झाडी. सर्वोत्तम जमीन माथ्यावरही नाही आणि पायथ्याशीही नाही. माथ्यावर चुनखडीच्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे आणि गारवा जास्त आहे. पायथ्याशी माती जाड व ओली राहते. मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमातीचे मिश्रण असते, पाण्याचा निचरा होतो आणि पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळचे ऊन लवकर मिळते.

दुसरी गोष्ट माती. वाटेच्या कडेची, मळ्यातली नव्हे, मूठभर माती हातात घेऊन पाहावी. वरच्या अंगाला ती फिकट, खडेमिश्रित आणि भुसभुशीत लागते, आणि खाली उतरत गेले, की तपकिरी व चिकट होत जाते. पावसानंतर गेलात तर बुटाच्या तळव्याला लागलेल्या चिखलावरूनही हा फरक कळतो.

तिसरी गोष्ट वेलीची लागण. येथे मांडव नाही. कमरेएवढ्या उंचीच्या वेली तारांना बांधलेल्या असतात, दोन ओळींत आणि दोन वेलींत साधारण एकेक मीटरचे अंतर असते, म्हणजे हेक्टरी सुमारे दहा हजार वेली होतात. इतक्या अरुंद ओळींत साधा ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, म्हणून लांब पायांचा, ओळीच्या दोन्ही बाजूंना चाके टाकून वेलींवरून चालणारा ट्रॅक्टर वापरतात. काही नामवंत मळ्यांत घोड्याने नांगरटही होते. ट्रॅक्टर फवारणी करत असेल तर वाट बदलावी. सेंद्रिय मळ्यांतही तांबेयुक्त बोर्डो मिश्रणच फवारले जाते, आणि ते अंगावर घेण्यात काही पुण्य नाही.

मालकोन्सोरनंतर ‘ला ताश’ लागते. सहा हेक्टरांचा हा ग्राँ क्र्यू १९३३ पासून संपूर्णपणे दोमेन द ला रोमाने-कोंतीच्या मालकीचा आहे. त्याला लागून उताराच्या दिशेने गेलेली अरुंद पट्टी म्हणजे ‘ला ग्रांद र्यू’; १.६५ हेक्टर, मालकी लामार्श कुटुंबाची. आजूबाजूला सर्वत्र ग्राँ क्र्यू असतानाही ही पट्टी बराच काळ एक पायरी खाली होती. तिला वरचा दर्जा १९९२ मध्ये मिळाला.

क्रॉसपाशी उभे राहून

ग्रांद र्यू ओलांडल्यावर बुटक्या भिंतीवरचा दगडी क्रॉस दिसतो. त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे चढाकडे पाहत उभे राहावे. समोरचा तुकडा रोमाने-कोंती: १.८१ हेक्टर, आपल्या मापाने साडेचार एकर. त्याच्या डोक्यावर ‘ला रोमाने’, अवघे ०.८५ हेक्टर म्हणजे सुमारे ८४ गुंठे, लिजे-बेलेर कुटुंबाच्या एकट्याच्या मालकीचे. उजव्या हाताला ‘रिशबूर’, आठ हेक्टर आणि अनेक मालक. पाठीमागे गावापर्यंत उतरत गेलेला ‘रोमाने-सें-विवाँ’, साडेनऊ हेक्टरांच्या आसपास. डाव्या हाताला आपण मागे टाकलेली ग्रांद र्यू आणि तिच्यापलीकडे ला ताश. एका जागी उभे राहून सहा ग्राँ क्र्यू नजरेत येतात. एवढ्यासाठीच येथे यावे असे मी म्हणेन. निदान अर्धा तास तरी येथे काढावा.

इतिहास थोडक्यात असा. रोमाने-सें-विवाँची जमीन मध्ययुगात डोंगरापलीकडच्या सें-विवाँ मठाच्या ताब्यात होती. समोरचा तुकडा १७६० मध्ये कोंतीचा राजपुत्र लुई-फ्रांस्वा द बूर्बों याने विकत घेतला. राजाच्या मर्जीतील मादाम द पोंपादूर हिच्याशी चढाओढ करून त्याने तो मिळवला ही कथा रंगवून सांगितली जाते, पण तिला दंतकथा समजूनच ऐकावे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ही मालमत्ता सरकारजमा होऊन विकली गेली आणि त्या सुमारास ‘कोंती’ हे नाव तिला चिकटले. वोन या गावाने तर १८६६ मध्ये आपल्या नावापुढे या मळ्याचे नाव अधिकृतपणे जोडून घेतले.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला यापुढची गोष्ट अधिक भिडेल. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि अमेरिकी खुंटावर कलम करणे हाच तोडगा ठरला. रोमाने-कोंतीने मात्र जमिनीत औषध सोडून आपल्या जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली १९४५ पर्यंत टिकवल्या. युद्धकाळात औषध आणि मजूर दोन्हींची टंचाई झाली, वेली खंगल्या. १९४५ च्या तोडणीत जेमतेम सहाशे बाटल्यांएवढी वाइन निघाली आणि त्यानंतर सर्व वेली उपटाव्या लागल्या. कलमी वेलींची नवी लागण झाली. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही. त्या १९४५ च्या बाटल्यांपैकी एक ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरना विकली गेली.

भिंतीवर एक सूचनाफलक आहे: ही जागा पाहायला बरेच लोक येतात हे आम्ही समजतो, परंतु कृपया रस्त्यावरच थांबावे, मळ्यात पाऊल टाकू नये. ही विनंती अक्षरशः पाळावी. भिंत गुडघ्याएवढी असल्याने ओलांडणे सोपे आहे; नेमके म्हणूनच ती ओलांडू नये. आठवण म्हणून खडा किंवा पानही उचलू नये. २०१० च्या प्रारंभी या मळ्यातील वेलींना विष घालून दहा लाख युरोंची खंडणी मागण्याचा प्रकार घडला होता. पैसे घ्यायला आलेला माणूस जवळच्या शांबोल-म्यूझिन्यी गावच्या दफनभूमीत पकडला गेला. तेव्हापासून मळ्यात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे गावकरी कशा नजरेने पाहत असतील, हे सांगायला नको.

वरच्या अंगाला आणि पुढे

बहुतेक पाहुणे क्रॉसवरून मागे फिरतात; आपण वर जावे. ला रोमानेच्या डोक्यावर ‘ओ रेन्यो’ हा प्रमिये क्र्यू आहे. तेथे चढ अचानक उभा होतो, माती पातळ होते, आणि खालचे मळे तेवढे ग्राँ क्र्यू का, हे पायांनाच कळते. उत्तरेकडे सरकल्यावर रिशबूरच्या वर ‘क्रो पारांतू’ लागतो. एक हेक्टरभराचा हा खडकाळ तुकडा एके काळी वेलींविना पडून होता. आँरी जाये (१९२२ ते २००६) या गावच्याच मळेवाल्याने सुरुंग लावून खडक फोडले, वेली लावल्या आणि १९७८ पासून त्याची वाइन वेगळ्या नावाने बाटलीत भरली. आज जायेच्या हातच्या बाटल्यांची किंमत ग्राँ क्र्यूंनाही मागे टाकते, कायद्याने मळा अजूनही प्रमिये क्र्यूच आहे. दर्जा जमिनीचा असतो, कसणाऱ्याच्या हाताचा नव्हे, हा बर्गंडीचा नियम येथे जरा लटका पडतो.

तेथून ‘ले स्यूशो’मधून उतरत उत्तरेकडे जावे. पुढचा विस्तृत पट्टा एशेझोचा, फ्लाजे-एशेझो या शेजारच्या गावाचा, आणि त्याला लागून लांबलचक दगडी भिंतीआड क्लो द वूजो. सीतोच्या मठातील साधूंनी उभा केलेला हा पन्नास हेक्टरांचा मळा आज सुमारे ऐंशी मालकांत वाटला गेला आहे. आतील वाडा वर्षातील बहुतेक दिवस तिकीट काढून पाहता येतो. साधूंच्या काळातील प्रचंड लाकडी दाबयंत्रे तेथे जागच्या जागी आहेत. खोलीच्या आढ्याएवढ्या तुळया पाहून द्राक्षाचा रस काढणे हे केवढे अंगमेहनतीचे काम होते याची कल्पना येते. दारे बंद असलेल्या या भागात ज्याच्या आत निर्धास्त जाता येते असे हे एकमेव मोठे ठिकाण, म्हणून ते वगळू नये.

लेबल वाचणे

चालून झाल्यावर आता लेबल सोपे वाटेल, कारण लेबल म्हणजे उताराचाच नकाशा असतो. चार पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. नुसते ‘बुर्गोन्य’ लिहिले असेल तर द्राक्षे प्रांतातील विस्तृत क्षेत्रातली. ‘वोन-रोमाने’ एवढेच ठळक असेल तर ती गावाच्या नावाची वाइन. ही केवळ तांबडीच असते, पिनो न्वार या वाणाची, आणि फ्लाजेच्या हद्दीतील ठरावीक मळ्यांनाही हे नाव वापरता येते. ‘वोन-रोमाने प्रमिये क्र्यू’ आणि पुढे ‘ले स्यूशो’ किंवा ‘ले मालकोन्सोर’सारखे नाव असेल तर एक पायरी वर. आणि ग्राँ क्र्यूच्या लेबलावर गावाचे नाव नसतेच, केवळ मळ्याचे: ‘रिशबूर’, ‘ला ताश’.

घोटाळा होतो तो येथेच. ‘वोन-रोमाने’, ‘ला रोमाने’, ‘रोमाने-सें-विवाँ’ आणि ‘रोमाने-कोंती’ ही चार वेगळी नावे आहेत, चारही लेबलांवर ‘रोमाने’ दिसते, आणि पहिल्या व शेवटच्या नावाच्या किमतीत शेकडो पटींचे अंतर असू शकते. त्याहून सूक्ष्म घोटाळा म्हणजे दोमेन द ला रोमाने-कोंतीची एशेझो किंवा रिशबूर ही बाटली ‘रोमाने-कोंती’ म्हणून सांगितली जाणे. मळेवाल्याचे नाव आणि मळ्याचे नाव वेगळे वाचावे.

मळेवाल्याचे नाव वाचताना वाटण्यांचा इतिहास आडवा येतो. फ्रेंच वारसा कायद्यानुसार मुलामुलींना समान हिस्सा मिळतो, त्यामुळे पिढीगणिक मळे चिरत गेले. ग्रो या एकाच आडनावाचे मिशेल ग्रो, आन ग्रो, ग्रो फ्रेर ए सर आणि आन-फ्रांस्वाझ ग्रो असे चार स्वतंत्र मळे त्यातूनच झाले. आडनाव ओळखीचे वाटले म्हणून बाटली उचलू नये, पूर्ण नाव पाहावे. जमिनीचे जुने माप ‘उव्रे’ आजही बोलण्यात येते: एका माणसाने एका दिवसात कसायची जमीन, ४.२८ आर, म्हणजे आपल्या सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. ग्राँ क्र्यूतील एखाद्या कुटुंबाचा वाटा अशा चार-पाच उव्रेंचा असतो आणि त्यातून जेमतेम दोन-तीन पिंपे भरतात. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्या. किमती अशा का, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे; उरलेले निम्मे जगभरच्या श्रीमंतांच्या हौसेत.

तळघरात आणि दुकानात

आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणावे. हे न म्हणता प्रश्न विचारणे तेथे असभ्य मानतात. अत्तर लावून जाऊ नये. वाइन साध्यापासून वरच्या दर्जापर्यंत क्रमाने दिली जाते. प्रत्येक पेला संपवण्याची गरज नाही, घोट तोंडात फिरवून ठेवलेल्या भांड्यात थुंकणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे आणि पाच-सहा वाइन चाखायच्या असतील तर आवश्यकही. वोनच्या वाइनचा रंग गडद नसतो, याने फसू नये. पिनो न्वारची साल पातळ असते. वासात लाल फळे, जांभळ्या व्हायोलेट फुलांचा आणि किंचित मसाल्याचा स्पर्श, आणि तोंडात मऊपणा ही तिची ओळख. कोवळ्या वयात ग्राँ क्र्यू बहुधा मिटलेली असते, म्हणजे तिचा वास आणि चव अजून खुललेली नसते, म्हणून पहिल्यांदा चाखणाऱ्याला गावाच्या नावाचीच वाइन अधिक आवडली तर त्यात काही चूक नाही.

शाकाहारी प्रवाशाने सोबतीला ‘गूझेर’ हे चीज घातलेले हलके गोळे मागवावेत. मुख्य जेवणात मात्र गोमांस आणि डुकराचे मांस या भागात फार, त्यामुळे आधी विचारणे बरे.

खरेदीबाबत माझा सल्ला सरळ आहे. वोन-रोमाने लिहिलेली चांगल्या मळ्याची बाटली साठ-सत्तर युरोंच्या खाली क्वचितच मिळते. तेवढे देण्याची तयारी नसेल तर त्याच मळेवाल्याची ‘बुर्गोन्य’ किंवा डोंगरावरच्या ‘ओत-कोत द न्वी’ भागातील तांबडी वाइन घ्यावी. मिशेल ग्रो यांच्यासारखे वोनमधील मळेवाले तीही करतात. हात तोच, जमीन वेगळी, आणि आपण नुकतेच चालून पाहिलेला फरक पेल्यात शोधता येतो. जुन्या वर्षांच्या नामवंत बाटल्या अनोळखी विक्रेत्याकडून मुळीच घेऊ नयेत. रुडी कुर्निआवान याने अशा बाटल्यांची नक्कल करून अमेरिकेतील जाणकार संग्राहकांना वर्षानुवर्षे फसवले आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. जाणकार फसले तेथे प्रवाशाचा काय पाड?

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने एका दुकानात शंभर युरोंहून अधिक खरेदी केली आणि दुकान कर परताव्याच्या योजनेत असेल, तर त्यासाठीची पावती मिळते. त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा आणि विमानतळावर सामान सोडण्यापूर्वीच पावतीची नोंद करावी. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली, की मर्यादा ओलांडते आणि ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. बाटल्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत. प्रत्येक बाटली जाड कपड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी, कडेला न टेकता ठेवावी.

घरी आल्यावर बाटली लगेच उघडू नये. प्रवासात ढवळलेल्या वाइनला दोन-तीन आठवडे आडवे पडू द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातली जागा तिला मानवत नाही, त्यामुळे वाइनचे वेगळे कपाट नसल्यास फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवून काही महिन्यांतच संपवावी. उघडण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढली, की ती पंधरा-सोळा अंशांच्या आसपास येते. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात वीस मिनिटेही पुरतात.